अण्णा, तुमचा आवाज कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू?

अण्णा, परवा काकूंनी मला विचारलं, "अनसूया, ह्यांना टीव्हीवर लावून देतीस का गं?" आणि मी काय केलं असेल? मान वळवून तुमच्या खुर्चीकडे बघितलं. तोंडात वाक्य तयार होतं, ‘अण्णा, आपल्या घरच्या टीव्हीला कुठलं चालतं हो?’ खुर्चीवर तुमचा टॉवेल तसाच होता. मग मीच काकूंना म्हटलं, "देते की." 

पद्माताई म्हणतात, मराठी मंडळाच्या अंकासाठी तू पण बाबांबद्दल चार ओळी लिही. तुम्ही कुठे जन्मलात, कुठल्या कॉलेजात होतात, ते सगळं त्या लिहिणार आहेत. बरं झालं, कारण मला त्यातलं काहीच माहीत नाही. मी आठवीतनं शाळा सोडलेली बाई. मला लिहायचं म्हटलं की पत्र लिहिल्यासारखंच येतं, आणि पत्र कुणाला तरी लिहावं लागतं. म्हणून तुम्हालाच लिहिते. उत्तर येणार नाही हे कळतं मला. तरी प्रश्न विचारायची सवय मोडत नाही.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती गिऱ्हाईक म्हणून. आमचे हे कडकोळच्या कारखान्यात लागले आणि उमरग्याकडनं आम्ही इथे म्हैसूरला आलो. मला कन्नड येत नव्हतं, भाजीवाल्याशी बोटांनी बोलायचे. घराच्या पुढच्या खोलीत तुमचा स्टुडिओ, बाहेर पाटी कन्नडमध्ये, आणि आत तुम्ही काकूंना हाक मारून मराठीत काहीतरी विचारत होतात. मी रस्त्यावरच थांबले. पिशवीत माझ्या लग्नाची सीडी होती. आई गेल्यापासनं ती मी कुठे जाईल तिथे घेऊन फिरत होते आणि ती चालवायला घरात काहीच नव्हतं.

तुमची मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. "ये की गं, भीतीस कशाला, सुम्नं बस तिथं," म्हणालात. मला वाटलं, सुम्नं म्हणजे कुणाचं नाव असेल. गप बस, असा अर्थ होता. नंतर कधीतरी मी तुमच्या बोलण्याची नक्कल केली तर तुम्ही म्हणालात, "तुझी मराठी रानातली, माझी राजवाड्यामागची. दोघींनाही पुण्यात कोण विचारत नाही, साकु." साकु म्हणजे पुरे. तो विषय पुरे.

त्या दिवशी सीडी हातात घेऊन तुम्ही किती क्वालिटी, किती साइज असलं काही विचारलं नाहीत. विचारलंत, "कुठं बघणार?"

"मोबाईलवर."

"कोण बघणार?"

"मीच."

"आणि कोणाला दाखवणार?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घातली. तुम्ही परत विचारलं नाहीत. सीडी आत घातलीत. त्यातल्या फाइलचं नाव ऐकून मी घाबरले, डॅट का काहीतरी होतं, मोबाईल ते उघडत नव्हता. मला वाटलं खराब झाली. तुम्ही म्हणालात, "अय्यो, खराब कुठं? डब्बा जुना आहे. आतलं ताजं आहे." आणि मग पडद्यावर मांडव आला, वाजंत्री आली, आणि आई आली. हातात पाण्याची कळशी. कॅमेरा दिसल्यावर तिने पदराने तोंड झाकलं आणि कुणाला तरी म्हणाली, "मला कशाला काढताय, नवरीला काढा." तेवढंच. मी म्हटलं, "अण्णा, आईचं तोंड नंतर हलतंय, बोलणं आधी येतंय." तुम्ही चष्मा वर केलात, परत लावून बघितलंत, तिसऱ्यांदा बघितलंत. मग आवाज थोडा मागे सरकवलात, आणि आई नीट बोलायला लागली. मला म्हणालात, "कान बरे आहेत तुझे. उद्यापासून येतीस काय?"

मी नुसती रडत होते. तुम्ही त्याला हो समजलात.

त्या दिवशी तुम्ही मला दोन फाइली दिल्यात. एक लहान, मोबाईलवर पळणारी. दुसरी मोठी, पेन ड्राइव्हमध्ये. "ही बघायला, ही ठेवायला," म्हणालात. तिथनं आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायची, जी कुणी बघणारच नाही ती ठेवायची कशाला? तुम्ही म्हणायचात, बघायची फाइल माणसाच्या हिशोबाने करायची, ठेवायची फाइल आपल्या मनाच्या हिशोबाने. मला ते कधीच कळलं नाही, अण्णा. अजून कळलेलं नाही. डिस्का भरत जायच्या, कपाट भरत जायचं, मी धूळ पुसायची आणि बडबडायची. अगदी त्या शेवटच्या आठवड्यात पण मी विचारलं होतं, "ह्या मोठ्या फाइली कधी कुणी मागायला आलंय का?"

"अजून नाही."

"मग?"

"‘अजून नाही’ म्हटलं की मी. ‘नाही’ असं नाही म्हटलं."

आणि चहाला उठलात. हे भांडण असं अर्ध्यात टाकून जायचं होतं का?

मला हे फॉरमॅटचं प्रकरण शिकवताना तुम्ही किती दमला असाल. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय. मी पाठ करायची, शाळेत पाढे करायची तसं, आणि दुसऱ्या दिवशी विसरायची. मला वाटायचं जितके आकडे मोठे तितकी फाइल चांगली. तुम्ही काकूंच्या मांडणीवरनं दोन डबे उचलून आणलेत. एका डब्यावर चिठ्ठी होती रव्याची, आत निघाले पोहे. "आता बघ, एमपी४ हे डब्ब्याचं नाव. आत चित्र एका पुडीत, आवाज एका पुडीत. डब्बा उघडला म्हणजे पुडी उघडली असं नाही. गोत्तायता?" कळलं का, म्हणजे. मी मान हलवली. काकू आतनं ओरडल्या, "माझे डबे परत आणा आधी!" तुम्ही हसत डबे परत नेलेत आणि नेमके उलटे ठेवलेत. संध्याकाळी आपल्याला रव्याऐवजी पोह्यांचं उपीट मिळालं असतं, काकूंनी वेळीच बघितलं म्हणून.

ते हेब्बाळच्या कंपनीतले साहेब आठवतात? बहिणीच्या लग्नाचं शूटिंग आपण केलं होतं, त्याच्या आधी तलकाडला वाळूत जोडप्याचे फोटो, तुम्ही कॅमेऱ्यावर स्वतःचा टॉवेल गुंडाळून बसलेले. साहेब म्हणाले, "सर, हायेस्ट क्वालिटी द्या. फोर के. काही कमी नको." तुम्ही सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणालात. मग ते म्हणाले, "आणि सगळं वॉट्सॅपवर टाका." मी हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. तुम्ही हसला नाहीत. शांतपणे विचारलंत, "कोण कोण बघणार सांगा." त्यांनी सांगितलं, आजी गावाकडे, टीव्हीवर. मावश्या फोनवर. बहीण आपल्या लॅपटॉपवर, परदेशात. तुम्ही तिन्ही ठिकाणांसाठी तीन वेगळ्या फाइली केल्यात. आजीसाठी अक्षरं मोठी करून आणि आवाज उंच करून. साहेबांनी विचारलं, "ह्यातली बेस्ट कुठली?" तुम्ही म्हणालात, "आजीला दिसली तर आजीची." साहेब पण हसले मग. त्यांनी जाताना तुमच्या पायाला हात लावला, तेव्हा तुम्हीच गोंधळलात.

मला मात्र आज कुणी असं विचारत नाही. आता मलाच विचारायचं असतं.

हे सगळं लिहितेय खरं, पण सांगायचं आहे ते वेगळंच. तुमचं चित्र कुणाकडेच नव्हतं, अण्णा. माहीत होतं का तुम्हाला? अख्ख्या म्हैसूरची लग्नं, मुंजी, सत्कार तुम्ही काढलेत. पद्माताई आल्या आणि अल्बम, फोन, डिस्का सगळं उपसलं तर तुम्ही कुठेच नाही. कुठे कोपर, कुठे आरशात अर्धं डोकं, एका मुंजीत तुमची सावली भटजींच्या अंगावर. बोलताना तर कुठेच नाही.  काकू उपसलेले अल्बम एकेक करून परत कपाटात ठेवत राहिल्या.

मग मला आठवलं. लाइव्ह करायच्या आधी तुम्ही माइक बघायला कॅमेऱ्यासमोर बसायचात, मी आवाजाचा काटा बघायची. बाकी लोक वन टू थ्री म्हणतात, तुम्ही काहीही बोलायचात. शेवटच्या कामाआधीचं ते टेस्टिंग मी खोडलं नव्हतं. खोडायचं राहून गेलं होतं, एवढंच. त्यात तुम्ही खुर्चीत बसलाय, शर्टाची कॉलर एका बाजूला दुमडलेली. म्हणताय, "आवाज येतो काय? अनसूया, काटा हलतोय काय? अगं, आज सारात मीठ कमी होतं, सांगायचं नव्हतं पण माइक विचारतोय म्हणून सांगतो." मग आत स्वयंपाकघराकडे मान वळवून, "अगंऽ, ऐकतीस काय? कॉफी होणार असली तर मला पण. नसली तर नको. पण असली तर मला पण." मग थोडं खोकलात. मग, "पद्मीचा फोन आला तर सांग, मी बरा आहे. बरं, साकु, बंद कर." आणि माझा हात आडवा येतो.

हे तेवढंच आहे. अण्णा, तुम्ही त्या दिवशी काहीतरी मोठं बोलायला काय झालं होतं?

पद्माताईंना मी ते फोनवर पाठवलं. बारीक करून, नातेवाईकांत सहज फिरेल असं. त्या मधे एकदा बेंगळुरूला जाताना गाडीत बघत होत्या, म्हणाल्या, "छान आहे गं, पुरे." तेराव्याला हॉलमध्ये पडद्यावर दाखवलं, लॅपटॉपवरनं, ते पण चाललं. लोक मीठ कमीवर हसले आणि मग रडले. काकूंनी तिकडे बघितलंच नाही. म्हणाल्या, "सगळ्यांच्यात नको. घरी बघीन, माझ्या टीव्हीवर."

म्हणजे राहिल्या फक्त काकू, आणि त्यांचा तो जुना टीव्ही.

कॅमेऱ्यातनं निघते ती फाइल एमओव्ही. टीव्हीला ती दिसेना. मी घाईत, घाबरून, काय केलं माहितीये? नावातलं शेवटचं एमओव्ही खोडून एमपी४ लिहिलं. चिठ्ठी बदलली. तुम्ही असतात तर कपाळाला हात लावला असतात. पण ती फाइल टीव्हीवर दिसली, अण्णा. मला वाटलं जमलं. काकू केस विंचरून, चष्मा पुसून समोर बसल्या होत्या. मी बटण दाबलं, तुम्ही आलात. कॉलर दुमडलेली. ओठ हलायला लागले.

आवाज नाही.

मी रिमोटने आवाज वाढवला. पट्टी पूर्ण भरली, तरी नाही. काकू पुढे वाकल्या. "काय म्हणताहेत हे?" मी म्हटलं, थांबा काकू, एक मिनिट. त्या टीव्हीच्या जवळ गेल्या, एवढ्या जवळ की चष्मा लागेल. तुम्ही बोलत होता आणि त्या तुमच्या ओठांकडे बघत होत्या. "अगं, काहीतरी मागताहेत," म्हणाल्या. "काय मागताहेत?"

मला सांगता आलं असतं ना? कॉफी मागताहेत, एवढं तर मला पाठ होतं. पण मी रिमोटच दाबत राहिले. पडद्याच्या खाली इंग्रजीत एक ओळ आली आणि गेली. मी टीव्ही बंद केला. काकू म्हणाल्या, "टीव्ही बिघडला वाटतं." मी हो म्हटलं आणि पुढच्या खोलीत पळाले.

कॉम्प्युटरवर लावलं तर तुम्ही खणखणीत बोलत होता. तीच फाइल. इथे बोलता, तिथे मुके. मी डोकं धरून बसले. मला वाटायला लागलं, मी हात लावला म्हणून झालं. मी परत बनवायला गेले तर समोर शंभर पर्याय, कुठला दाबला तर काय जाईल कुणास ठाऊक. सगळंच नव्याने बनवलं तर चित्र पुसट होईल, तुमचंच वाक्य, ‘परत परत शिजवलं की सत्त्व जातं.’ काही केलं नाही तर काकू मुक्या नवऱ्याकडे बघत राहतील.  आमच्या ह्यांना फोन लावला कडकोळला, ते म्हणाले, "यूट्यूबवर बघ की." बघितलं. एक मुलगा हिंदीत इतक्या वेगात बोलत होता की मला अजूनच कळेना.

मग तुमचा एक शब्द आठवला, तो पण माझ्यावर ओरडताना म्हटलेला. "अडतंय तेवढंच बदल! चालतंय त्याला हात लावू नको!" चित्र चालत होतं. अडत होता आवाज. म्हणजे डब्यातली आवाजाची पुडी टीव्हीला उघडता येत नव्हती. कॅमेऱ्याने आवाज जाडाभरडा, न दळलेला भरला होता, आणि काकूंच्या टीव्हीला पीठच लागत होतं. चित्र जसंच्या तसं ठेवलं. आवाज तेवढा एएसीमध्ये, म्हणजे दळलेल्या पिठात, केला. मूळ फाइलची आधी कॉपी केली, कॉपी उघडून बघितली, तुम्ही सांगितलं तसं, उघडून बघितल्याशिवाय ती कॉपी नाही. आणि नवीन फाइल घेऊन परत गेले.

"आवाज येतो काय?" टीव्हीतनं तुम्ही म्हणालात. मी खालीच बसले, फरशीवर. अण्णा, थँक्यू हा शब्द मी तुम्हाला कधी म्हटला नाही. आमच्याकडे म्हणत नाहीत. त्या क्षणी म्हटला, टीव्हीला.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "परत लाव." परत लावलं. मग मान हलवली.

"हे नव्हेत गं."

"काकू, अण्णाच आहेत की."

"तोंड ह्यांचंच. आवाज ह्यांचा नव्हे. असे बोलत नव्हते हे."

 मला वाटलं, दळताना मी जास्त दळलं. परत आत गेले, आवाजाचा आकडा वाढवला, दुसरी फाइल केली. "इल्ला," काकू म्हणाल्या, नाही. तिसरी केली, सगळ्यात मोठा आकडा टाकून. नाही. मग मी काकूंना हाताला धरून पुढच्या खोलीत आणलं, कॉम्प्युटरसमोर, तुमच्या खुर्चीत बसवलं. कानाला मोठे हेडफोन लावले, आणि मूळ फाइल लावली. ठेवायची फाइल. कुणीच काही न कापलेली. म्हटलं, आता तरी. बघा अण्णा, शेवटी एक गिऱ्हाईक आलंच मागायला, असं पण मनात येऊन गेलं.

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "हा तर आणखीनच कोणीतरी आहे. अगदी कानात येऊन बोलतोय. हे कधी असे कानात येऊन बोलले नाहीत."

मी काय करणार होते? ह्याच्यापेक्षा खरी फाइल जगात नव्हती. माझ्याकडचे सगळे पर्याय संपले होते आणि तुमची खुर्ची पण भरलेली होती. मला कळेना की मी चुकले, का तुम्ही चुकला होता, का काकू विसरायला लागल्या. हे तिसरं मनात आल्यावर मला फार भीती वाटली.

काकू उठल्या. "राहू दे गं. दमलीस तू. स्वल्प थांब, कॉफी टाकते," म्हणून आत गेल्या. मी टीव्ही बंद करायला मधल्या खोलीत गेले, आणि घाईत बंदच्या ऐवजी चालूचं बटण दाबलं गेलं. तुम्ही पहिल्यापासून सुरू झालात. आवाज येतो काय, काटा हलतोय काय. मी रिमोट उलटासुलटा करत होते. आतनं भांड्यांचा आवाज येत होता, नळ चालू होता. तुम्ही साराचं म्हणालात, मीठ कमी म्हणालात. नळ बंद झाला. तुम्ही म्हणालात, "अगंऽ, ऐकतीस काय? कॉफी होणार असली तर मला पण."

आणि भिंतीपलीकडनं काकू म्हणाल्या, "टाकलीय, टाकलीय! जरा धीर धरा की!"

 टीव्हीत तुम्ही खोकलात. मी दारातनं बघितलं तर काकू ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, हात दुधाच्या पातेल्यावर. माझ्याकडे वळल्या नाहीत.

"हं," म्हणाल्या. "हे ह्यांचं. आता लाव परत. मी इथनंच ऐकते. आणि तू बाहेरच थांब."